फरशीवाल्याच्या भिंतीवरचा वानर

बेर्शेबाच्या मध्यवर्ती बस स्थानकाच्या दारात मी नऊ वर्षं लोकांच्या पिशव्या तपासल्या. दोन हजार सालानंतरचे, इस्रायलमध्ये बसमध्ये बॉम्ब फुटायचे ते दिवस होते. बसमध्ये चढणारा प्रत्येक जण दुसऱ्याच्या पोटाकडे आणि पाठीवरच्या पिशवीकडे बघून मग बसायचा. माझ्यासमोर एक टेबल, शेजारी धातू ओळखणारी चौकट आणि चौकटीला लागून एक निळा ट्रे. माणूस आला की आधी विचारायचं, "शस्त्र आहे का?" तो नाही म्हणणार हे ठाऊक असायचं, तरी विचारायचं. उत्तर देताना त्याचे डोळे कुठे जातात ते बघायचं. मग खिशातल्या किल्ल्या, नाणी ट्रेमध्ये, पिशवी टेबलावर, माणूस चौकटीतून पलीकडे. पलीकडे गेल्यावर ट्रेमधलं आपलं आपण उचलायचं. शिकवणी देणाऱ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आधी प्रश्न, मग हात.

संशय हा माझ्या पोटापाण्याचा धंदा झाला, पण तो अंगात आधीपासूनच होता. लग्नात नवऱ्याने माझ्या बोटात अंगठी घातली तेव्हा मी ती उलटी करून आतून बघितली, असं तो आजही पाहुण्यांना सांगतो. लोक हसतात. बघितली होती हे खरं आहे.

आम्ही तिथून जवळच डिमोन्याला राहायचो. मी नऊ वर्षांची असताना बाबांनी कोकणातलं गाव सोडलं, थोडे दिवस मुंबईला काढून आम्ही इथे आलो, आणि सरकारने ट्रकमधून उतरवलं तिथेच राहिलो. बाबा एका खनिजाच्या कारखान्यात लागले, तिथूनच निवृत्त झाले. पण त्यांची खरी नोकरी वेगळी होती. ते आमच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यूंच्या, सिनेगॉगचे शमाश होते. दार उघडणं, झाडलोट, दिवे, प्रार्थनेची पुस्तकं नीट लावून ठेवणं, आणि सगळे गेल्यावर दार लावणं. दाराची लांबलचक पितळी किल्ली बुटाच्या नाडीत ओवून त्यांच्या पँटच्या खिशात असायची. तीस वर्षं असायची. आई गेली त्या हिवाळ्यात सात दिवस जमिनीवर बसून शोक पाळतानाही ती त्यांच्या खिशातच होती. बाकी सगळं त्यांच्या हातून गेलं होतं. बोलणं गेलं, भूक गेली, पत्ते खेळायला जाणं गेलं. एक किल्ली राहिली होती, आणि ती राहिली पाहिजे असं मी मनाशी पक्कं धरलं होतं. ती काढून घेतली तर हा माणूस महिन्याभरात आटपेल असं मला वाटायचं.

बाबांचं घर आमच्याच इमारतीत, पलीकडच्या जिन्यावर, पहिल्या मजल्यावर होतं. मी रोज सकाळी ड्यूटीला जाताना त्यांच्या दारात डबा ठेवायची. संध्याकाळी रिकामा, धुतलेला डबा परत मिळायचा. पहिले काही दिवस मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की आमच्या आवारातल्या मांजरी भलत्याच गुटगुटीत व्हायला लागल्यात. एका सुट्टीच्या दिवशी मी गॅलरीत उभी राहिले आणि बाबांना कोपऱ्यावरच्या झाडाखाली माझी नारळाच्या दुधातली मच्छी मांजरींना वाढताना पाहिलं.

बोलायचं नाही, बघत राहायचं, हा माझा स्वभाव. डबा मांजरी खातात, तर बाबा वाळायला हवेत. पण ते वाळत नव्हते. उलट गालांवर थोडं मांस चढलं होतं. मग मी त्यांच्या स्वयंपाकघरात शोध घेतला. आईचं छोटं फ्रायपॅन जागेवर नव्हतं. तिचा काचेचा एक पेला नव्हता. आणि तेल! जो माणूस चहासुद्धा स्वतः करत नव्हता त्याच्या घरातली तेलाची बाटली महिन्याभरात संपली, आणि ओट्याखाली दुसरी नवी बाटली आली होती. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्या वर्षी आमच्या तळमजल्यावरचा एक ब्लॉक कुणा कॉन्ट्रॅक्टरने भाड्याने घेऊन त्यात सहा चिनी कामगार ठेवले होते. गावाच्या टोकाला नव्या इमारती उठत होत्या, तिथे ते जायचे. सकाळी ट्रक यायचा, संध्याकाळी सिमेंटने पांढरे झालेले सहा जण उतरायचे. इमारतीतले लोक त्यांच्याशी बोलत नसत. त्यांच्यातला एक फरशा बसवायचा. पन्नाशीचा, गुडघ्यांना कायम फडकी बांधलेली. तो एकटाच सगळ्यांना मान लववून "शालोम" म्हणायचा. मला तो तेवढ्यानेच खटकला होता. जो उगाच नमस्कार करतो त्याची पिशवी मी नेहमी दोनदा तपासते.

एका शुक्रवारी मला दुपारी लवकर सुट्टी मिळाली. इथे शुक्रवारी दुपारी सगळंच बंद होत येतं. सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, लागतो, त्याच्या आत घरी पोचायचं असतं, बांधकामंही थांबलेली असतात. मी बसमधून उतरून इमारतीकडे वळले, तर पुढे बाबा. हातात कापडी पिशवी, डोक्यावर टोपी, चाल एकदम ताठ. जिना चढायचा सोडून ते तळमजल्यावरच्या त्या चिन्यांच्या दारात गेले, दार न वाजवता आत शिरले. मी इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूला गेले. खिडकीला पडदा म्हणून चादर लावली होती, ती अर्धी सरकलेली होती.

समोरच्या भिंतीवर एका वानराचं मोठं चित्र होतं. लाल तोंड, कपाळावर सोन्याचा पट्टा, अंगात झळझळीत कपडे, खांद्यावर लांब दंड. चित्राच्या खाली बाबा उभे. त्यांनी काडी ओढली, ज्योत खाली नेऊन काहीतरी पेटवलं. पिशवीतून तेलाची बाटली काढून तिथेच तेल ओतलं. मग आईचा काचेचा पेला दोन्ही हातांनी वर, त्या चित्राच्या दिशेने उचलून धरला आणि टक लावून पाहत राहिले. खिडकीच्या कठड्याखालचं मला दिसत नव्हतं. मला दिसत होता तो वानर, ज्योत, तेल, वर उचललेला पेला आणि थोड्या वेळाने हलू लागलेले बाबांचे ओठ. फरशीवाला बाजूला हात चोळत उभा होता.

माझ्या जागी या देशातली दुसरी कुणीही बाई असती तर तिला यात काही दिसलं नसतं. मला मारुती दिसला.

आमच्या घराण्याचा गावात तेलाचा घाणा होता. शनिवारी आम्ही काम बंद ठेवायचो म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचा. आणि गावातल्या लोकांना मारुतीला वाहायला तेल नेमकं शनिवारीच लागायचं. त्यामुळे शुक्रवारी दुपारी आमच्या अंगणात बायकांची झुंबड उडायची. बाबा तेल मापून द्यायचे. देवळासमोरून जावं लागलं तर आजोबा आम्हाला बोट धरून न्यायचे आणि म्हणायचे, पुढे बघून चाल. तेल द्यायचं, पण तिकडे मान वळवायची नाही, असा आमचा रिवाज होता. आणि आज, शुक्रवारच्याच दुपारी, त्या घराण्यातला शेवटचा तेली मान वर करून वानरापुढे उभा होता. आई गेल्याने बाबांचं डोकं फिरलं, किंवा या चिन्याने ते फिरवलं, एवढंच मला सुचलं. मी तिथून निघाले.

बाहेरच्या माणसाला ही भीती कळणार नाही. आम्ही इथे आलो तेव्हा आमच्या लोकांना लग्न लावायला गेल्यावर विचारलं जायचं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? आमच्या आज्या-पणज्यांचे पुरावे मागत. त्याविरुद्ध जेरुसलेमला जाऊन रस्त्यावर बसलेल्यांत बाबाही होते. पुढे ते मिटलं, पण मनातून गेलं नाही. प्रेषित एलियाहू हन्नावीच्या नावाने आम्ही पोहे, नारळ आणि फळांचा मलिदा करतो, तर आमच्या समोरच्या मोरोक्कन शेजारणीने एकदा ताट बघून मला हळूच विचारलं होतं, हे तुमच्या तिकडच्या देवीसाठी का? ज्या गोष्टीच्या नुसत्या संशयाने बाबांनी तेव्हा महिनाभर अन्न सोडलं असतं, ती आता बाबाच करत होते. हे बाहेर पडलं तर सिनेगॉगची किल्ली दुसऱ्या दिवशी त्यांच्या खिशातून जाणार होती.

माझी मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती. मी मराठीत बोलायचं आणि तिने हिब्रूत उत्तर द्यायचं अशी आमची पद्धत. मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं की कपाळावर पट्टा आणि हातात दंड असलेलं माकड तुला माहीत आहे का. तिने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

"इमा, हे ना?" ती म्हणाली. इमा म्हणजे हिब्रूत आई. पडद्यावरच्या एका खेळात तसलंच माकड ढगावर उभं राहून राक्षसांना बदडत होतं. मग म्हणाली की याची जपानी कार्टूनपण असतात, त्यांत त्याला मुलगाच करून टाकलाय, फक्त शेपटी ठेवलीय. चिन्यांची फार जुनी गोष्ट आहे म्हणे. हा लबाड असतो, स्वर्गातली फळं चोरतो, देवांना फसवतो, पाहिजे ते रूप घेतो.

"म्हणजे देव आहे का तो?" मी विचारलं.

"हिरो आहे. देव कशाला? सगळ्यांना त्रास देतो तो."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण माझं डोकं लगेच पुढे धावलं. आमच्या गावातली मुलंही मारुतीच्या खोड्या गोष्ट म्हणूनच ऐकायची. आणि गोष्ट संपली की तेल घालायला जायचीच की. शिवाय जो स्वतःच वेशांतर करून फसवतो त्याचं चित्र भिंतीवर लावणाऱ्या माणसाचा काय भरवसा? खेळातलं ते माकड एका राक्षसाला फसवायला म्हातारी बनलं आणि माझी मुलगी खदखदून हसली. मी हसले नाही.

पुढच्या शनिवारी शब्बाथ सुटल्यावर बाबा आमच्याकडे चहाला आले. खारी बुडवता बुडवता आपणहून बोलायला लागले. आई गेल्यापासून त्यांनी सलग चार वाक्यं बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

"एक माकड होता," ते माझ्या मुलीला म्हणाले. "त्याच्या मागे एक सरदार लागला. माकड पक्षी झाला, तर सरदार बहिरी ससाणा झाला. माकड मासा झाला, सरदार बगळा झाला. शेवटी माकड काय झाला ठाऊक हाय? देऊळ झाला! तोंडाचा दरवाजा केलान, दातांची दारं, डोळ्यांच्या खिडक्या. पण शेपटी खंय लपवणार? शेपटीची केलान झेंड्याची काठी, नि ठेवलान मागच्या बाजूक. सरदार आला, बघितलान, नि म्हणाला, आयुष्यात देवळं मोप बघितली, पण पाठीमागे झेंडा असलेलं देऊळ बघितलं नाय!"

आणि बाबा हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. माझी मुलगी हिब्रूत काहीतरी विचारत होती, ते तिला हातवारे करून शेपटी दाखवत होते. त्यांना हसताना पाहून मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र त्या सगळ्यातून एकच शब्द ऐकू आला होता, देऊळ. मी कपबशा उचलून आत गेले.

पुढच्या आठवड्यात मी कामावरून परतले तेव्हा कॉन्ट्रॅक्टरचा मुकादम इमारतीसमोर ट्रकला टेकून सिगारेट ओढत होता. मी त्याच्याजवळ गेले. मी युनिफॉर्ममध्ये होते, कमरेला पट्टा, छातीवर बिल्ला. मी म्हणाले, त्या फरशीवाल्याबद्दल मला संशय आहे.

"कसला?" त्याने सिगारेट टाकली.

"माझे वडील एकटे राहतात, म्हातारे आहेत. तो त्यांना आत बोलावतो. घरातल्या वस्तू जागेवर नाहीत."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पॅन जागेवर नव्हतं, पेला जागेवर नव्हता. पण त्याला काय ऐकू जाणार हे मला पक्कं माहीत होतं. बस स्थानकावर मी रोज बघत होते, युनिफॉर्ममधल्या माणसाने संशय एवढा एक शब्द उच्चारला की रिकामी पिशवीसुद्धा रस्त्याच्या मधोमध ठेवून लोक दूर पळतात. मुकादम म्हणाला, बेसेदर, ठीक आहे, बघतो. रविवारी संध्याकाळी ट्रकमधून पाच जण उतरले.

मी निश्चिंत झाले. किल्ली वाचली होती. मागच्या खिडकीतून डोकावून पाहिलं तर भिंतीवर चित्राच्या जागी चौकोनी डाग होता.

त्यानंतर डबा रिकामा येईना. मांजरींनाही घालायचं बंद झालं. मी ठेवलेला डबा संध्याकाळी तसाच दारात, झाकणसुद्धा न उघडलेला. बाबा किल्ली घेऊन सिनेगॉगला जायचे, उघडायचे, लावायचे, परत यायचे. कुपात होलीमच्या, म्हणजे आरोग्य विम्याच्या दवाखान्यातल्या, डॉक्टरीणबाईंनी वजन घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. मी समोर बसून घास भरवायचा प्रयत्न केला, तर ते म्हणाले, "ठेव गो, खातो मागाहून," आणि भिंतीकडे बघत बसले. फरशीवाला मनात यायचा, पण मी तो विचार ढकलून द्यायची. नाद सुटायला वेळ लागतो, असं स्वतःला सांगायची. असे तीन आठवडे गेले.

चौथ्या शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला स्थानकाच्या दारात रांग मोठी होती. सुट्टीवर निघालेले सैनिक, घरी जाणारे विद्यार्थी. मी मान खाली घालून पिशव्या उघडत होते. एक कापडी पिशवी टेबलावर आली आणि ती कुणाची हे मला वर न बघताच कळलं.

"बाबा? तुम्ही इथे कसे?"

"शेरूतने आलो." शेरूत म्हणजे सहा-सात जणांची शेअर टॅक्सी. त्यांनी स्वच्छ शर्ट घातला होता, दाढी केली होती. "पेताह तिक्वाच्या बसला जायचा हाय."

"आज? शुक्रवारी? शब्बाथच्या आत परत कसे याल?"

"नाय येत. तिकडे तुझी चुलत आत्या हाय, तिच्याकडे रातचा र्‍हाईन. तू तपास. ड्यूटीवर हायस ना? लोकं खोळंबलीत."

मी पिशवी उघडली. आईचं फ्रायपॅन निघालं. तेलाची बाटली निघाली, फडक्यात गुंडाळलेला काचेचा पेला निघाला. एक सुरी, एक ताटली, वर्तमानपत्रात बांधलेली सहा अंडी, चार टोमॅटो, काड्यापेटी.

"हे काय आहे?"

"जेवणाचा सामान. त्या लोकांच्या तव्यात आपल्याला चालत नाय, मग माझा तवा, माझा तेल. चूल मी पेटवायची, तवा मी चढवायचा. अंडा मी पेल्यात फोडून उजेडात बघायचा, रक्ताचा ठिपका असला तर टाकून द्यायचा. मग तो टोमॅटो घालतो. त्यांच्यात तसाच करतात. तुझी आई पण तसाच करायची, फक्त हळद जास्ती." ते थोडं थांबले. "एकट्याक घास जात नव्हता गो. तो पण तिकडे बायकोक ठेवून आलेला. आम्ही माकडाचा पिक्चर लावून जेवायचो, नि तो मोडक्या हिब्रूत गोष्ट सांगायचा."

वानर, ज्योत, तेल, वर उचललेला पेला. आणि हलणारे ओठ म्हणजे जेवणाआधीचा आशीर्वाद. मी खिडकीत आणखी पाच मिनिटं उभी राहिले असते तर त्यांना जेवताना पाहिलं असतं. मागून एक सैनिक म्हणाला, बाई, बस निघेल.

"बाबा, मी..."

"त्याला पेताह तिक्वाला धाडलान, मुकादमाने सांगितला मला," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "म्हणाला, तुझी पोरगी आली होती बिल्ला लावून. मग माझ्या लक्षात आला. हे एवढे लोक येतात. तू परक्या माणसाक पण आधी विचारतेस, शस्त्र हाय काय म्हणून. मगच हात घालतेस. मला नाय विचारलास."

मी सामान परत पिशवीत भरायला लागले. अंडी फुटतील म्हणून मी ती शेवटी वर ठेवली. ते मला शांतपणे सांगत होते की गोष्ट अर्धी राहिली आहे. त्या माकडाच्या गुरूसमोर राक्षसीण साधी बाई होऊन येते. माकड तिला ओळखतो, मारतो. गुरूला वाटतं याने निष्पाप बाई मारली. तो माकडाला हाकलून देतो. खरं त्यालाच दिसत होतं, तरी हाकलून देतो. नेमकी तिथे पिक्चरची तबकडी संपली आणि पुढच्या शुक्रवारी फरशीवाला नव्हता.

"परत बोलावतो काय नाय, तेवढा बघून येतो," बाबा म्हणाले.

मग त्यांनी नियमाप्रमाणे खिसे रिकामे केले. दोन नाणी आणि बुटाच्या नाडीत ओवलेली पितळी किल्ली त्यांनी निळ्या ट्रेमध्ये ठेवली. चौकटीतून वाकून पलीकडे गेले. पिशवी उचलली. नाणी उचलली. किल्ली तशीच ठेवून ते फलाटाकडे चालायला लागले.

"बाबा, किल्ली!"

"आज तू उघड," ते मागे न बघता म्हणाले.

त्या संध्याकाळी, दिवे लावायच्या आत, मी सिनेगॉगसमोर उभी होते. मी किल्ली कुलपात फिरवली. आमचे हज्जान, म्हणजे प्रार्थना म्हणणारे गृहस्थ, नेहमीप्रमाणे पहिले आले. ते बाबांचे जुने मित्र. शमाश कुठे, असं त्यांनी विचारलं, आणि दीड महिना ज्या प्रश्नाच्या भीतीने मी हा सगळा उद्योग केला तो प्रश्न समोर आला. मी खोटं बोलायच्या मनःस्थितीत नव्हते.

"पेताह तिक्वाला गेलेत. त्यांच्या चिनी मित्राकडे जेवायला."

"तेल नेलान ना स्वतःचा?" हज्जानांनी विचारलं.

"तुम्हाला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"मलाच विचारून सुरू केलान त्याने," ते टोपी सारखी करत म्हणाले. "म्हणाला, शेजारी भला माणूस हाय, बोलावतो, कसा जेवू? म्हटला, तवा तुझा, तेल तुझा, आग तू पेटव, नि जेव खुशाल. आम्ही सगळे हसायचो, की हा माकडाचा पिक्चर बघून येतो नि शनवारी आम्हाला गोष्ट सांगतो. तुला नाय सांगितलान?"

मला त्यांनी सांगितलं होतं. माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर सांगितलं होतं आणि मी कपबशा उचलून आत गेले होते. किल्लीला कधी धोका नव्हताच. आत जाऊन मी एकेक दिवा लावला, पुस्तकं सारखी केली, आणि बायकांच्या बाजूला जाऊन बसले. प्रार्थना संपेपर्यंत मला रडू आवरलं नाही. शेजारच्या बाईला वाटलं आईची आठवण आली.

रविवारी बाबा आले. फरशीवाला सापडला होता. पेताह तिक्वाला कुठल्याशा नव्या कचेरीच्या इमारतीत फरशा बसवत होता, चित्र खोलीत लावलं होतं. पुढे वर्षभर, तो मायदेशी परत जाईपर्यंत, बाबा महिन्यातून एकदा पिशवी घेऊन जात राहिले. मी किल्ली परत दिली, ती त्यांनी घेतली. मी माफी मागितली तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जेवायला काय आहे असं विचारलं. डबाही खाऊ लागले. तक्रार करायला जागा नव्हती.

फक्त ती गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नाही. गुरूने त्या माकडाला परत बोलावलं की नाही, हे ते बघून आले होते. शनिवारी सिनेगॉगच्या पायरीवर मित्रांना सांगितलंही असणार. मी एकदा चहा देताना विचारलं, "बाबा, पुढे काय झालं हो त्याचं?" ते म्हणाले, "झाला काहीतरी," आणि खारी बुडवू लागले. माझ्या मुलीला विचारलं असतं तर तिने कॉम्प्युटर वळवून दोन मिनिटांत सांगितलं असतं. मी तिला विचारलं नाही. मला ती बाबांच्या तोंडून ऐकायची होती.